तुतीच्या शेजारी कपाशी

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईनं "तुम्ही काय करता?" असं विचारलं की मी "सरकारी नोकरी" एवढंच सांगायचे. एकदा खरं सांगून बसले होते. म्हटलं, मी लोकांना अळ्या पाळायला शिकवते. त्या बाईनं आधी ताटातल्या शेवयांच्या खिरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बसल्या जागी थोडी पलीकडे सरकली.

नोकरी मात्र तीच होती. रेशीम खात्यात मी क्षेत्रावर काम केलं आणि जवळजवळ सगळं आयुष्य बुलडाणा जिल्ह्याच्या रस्त्यांवर काढलं. कार्यालयाच्या भाषेत मी 'जोडधंद्याचा प्रसार' करत असे. गावात मला 'किड्यावाल्या बाई' म्हणायचे. दोन्हींत मला दुसरं जास्त बरोबर वाटायचं.

जोडधंदा या शब्दाशी माझं कधी फारसं जमलं नाही. तो शब्द ऐकला की वाटतं, घरात एक मोठा धंदा आहे आणि त्याच्या शेपटीला दुसरा छोटा बांधलेला आहे. मी पाहिलेल्या घरांत असं काही नव्हतं. वावरात सोयाबीन असायचं, एक भाऊ जिनिंगवर पाळीला जायचा, बायको शिलाई मशीन चालवायची, दावणीला चार शेळ्या असायच्या. यातलं कोणतं कशाला जोडलेलं होतं ते त्या घरालाही सांगता आलं नसतं. जळगाव जामोदकडच्या एका गृहस्थांना मी विचारलं होतं, की तुमचं घर नेमकं कशावर चालतं? ते बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचे. शांतपणे म्हणाले, "उन्हाळ्यात लग्नाईवर, पावसाळ्यात वावरावर, आन् मधात बायकोवर." बायको आतून ऐकत होती. तिनं नाही म्हटलं नाही.

आमचा धंदा समजायला सोपा आहे. तुतीची झुडपं लावायची. तुतीचा पाला हेच रेशमाच्या अळीचं अन्न, दुसऱ्या कशाला ती तोंड लावत नाही. अगदी लहान अळ्या एका जागी वाढवून मिळतात, त्यांना चॉकी म्हणतात. शेतकरी चॉकी आणतो, शेडमधल्या रॅकवर पसरतो आणि रोज त्यांच्या अंगावर तुतीच्या फांद्या टाकतो. महिन्याच्या आत अळी बोटाएवढी होते. मग एक दिवस ती खाणं सोडते आणि मान वर करून जागा शोधायला लागते. तिला जाळीवर सोडली की ती स्वतःभोवती कोष विणते. तो कोष विकायचा. आमच्या भागातले लोक बहुधा जालन्याला नेतात.

यातल्या दोन गोष्टी मी प्रशिक्षणात घसा कोरडा पडेपर्यंत सांगायचे. पहिली ही, की अळी जन्मभर जेवढं खाते त्यातलं बहुतेक सगळं शेवटच्या आठवड्यात खाते. त्या आठवड्यात पाला कमी पडला की आधीची सगळी मेहनत वाया. दुसरी गोष्ट विषाची. कपाशीवरची अळी ज्या औषधानं मरते त्यानं रेशमाची अळीही मरते, आणि कितीतरी लवकर मरते. औषधाचा वारा लागलेला पालासुद्धा चालत नाही. मोताळ्याकडच्या एका गृहस्थांनी अळ्यांना डास चावतील म्हणून शेडमध्ये रात्रभर मच्छरांची उदबत्ती लावून ठेवली होती. सकाळी मला फोन करून म्हणाले, "बाई, आज कोणीच जेवून नाही राह्यलं."

तंबाखूचंही तेच. तंबाखू मळलेला हात पाल्याला लागला तरी अळीला बाधतं. त्यामुळे तंबाखू खाणाऱ्यांना शेडमध्ये यायची बंदी असे. याचा एक परिणाम कोणत्याही योजनेत लिहिलेला नव्हता. गावातले बहुतेक पुरुष आपोआप बाहेर राहायचे आणि शेड ही बायकांची जागा व्हायची. तिथं त्यांना कोणी 'हे असं कर, ते तसं कर' म्हणायला येत नसे. काही जणी काम संपलं तरी तिथंच बसून राहायच्या.

सुनंदा अशांपैकी एक. धाडजवळच्या एका गावात तिचं सासर. नवरा दिलीप बुलडाणा ते धाड जीप चालवायचा. त्याचे थोरले भाऊ श्रीरामभाऊ शेती बघायचे. त्यांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन गेलेली. वावराची वाटणी झाली होती, चूल मात्र एकच होती. सुनंदा रोज दोन्ही वेळा श्रीरामभाऊंना जेवायला वाढायची, पण त्यांच्याशी बोलायची नाही. भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलायची त्या घरात पद्धत नव्हती. काही सांगायचं असलं की ती दिलीपला सांगायची, दिलीप भावाला सांगायचा. दिलीप जीपवर असला की निरोप संध्याकाळपर्यंत थांबायचा.

ती पहिल्यांदा प्रशिक्षणाला आली तेव्हा मागच्या रांगेत बसली होती. शेवटी मी विचारलं, कोणाला काही शंका? तिनंच तेवढा हात वर केला. "सकायचा सैपाक करून जमते का?" मी म्हटलं, जमवावं लागतं. तिनं मान हलवली. तिला तेवढंच विचारायचं होतं.

दिलीपच्या वाट्याच्या एका एकरात तिनं तुती लावली. बांधापलीकडे श्रीरामभाऊंची कपाशी. कपाशी म्हटली की फवारणी आलीच, म्हणून मी जागा बदलता येईल का असं विचारलं. सुनंदा म्हणाली, "वाटनी झाली तवा तुती कुठं होती, बाई? आमच्या वाट्याले हेच आलं." वाटणीत आलेली जमीन उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही, हे मलाही माहीत होतं. तेव्हा असं ठरलं, की शेडमध्ये अळ्या असल्या की श्रीरामभाऊ फवारणीच्या आधी सांगतील.

श्रीरामभाऊंना हे सगळंच अजब वाटायचं. एकदा मला बांधावर गाठून म्हणाले, "किडे मारू मारू आमची जिंदगी चालली, आन् हे घरात आनून पोसून राह्यली." राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. ते खरोखरच विचारात पडलेले होते. तंबाखूमुळे त्यांना शेडमध्ये प्रवेश नव्हता, त्यामुळे आत काय चालतं ते त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. अळ्यांच्या सुरुवातीच्या बॅचा नीट पार पडल्या. श्रीरामभाऊ निरोप द्यायचे, सुनंदा आधीच पाला कापून ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवायची. मला वाटलं, हे घर आता मार्गी लागलं.

त्या वर्षी पाऊस उघडता उघडेना. आभाळ भरलेलं राहिलं आणि कपाशीवर कीड आली. पानं खालून वळायला लागली. नेमक्या त्याच वेळी सुनंदाच्या अळ्या शेवटची कात टाकून उठल्या होत्या, म्हणजे त्यांचा खादाडपणाचा आठवडा सुरू झाला होता. श्रीरामभाऊंनी दिलीपकडून निरोप पाठवला, की फवारावं लागते. सुनंदानं उलट निरोप पाठवला, की अळ्या जाळीवर चढेपर्यंत थांबा. ते थांबले. रोज सकाळी कपाशीत जायचे, पान उलटं करून बघायचे आणि परत यायचे. दिलीप मला नंतर म्हणाला, "दादा जेवताना बोलनं सोडून बसला होता."

मग एका सकाळी सुनंदाचा फोन आला. मी मोताळ्याजवळ एका शेडवर होते. "बाई, येता का?" एवढंच ती म्हणाली. ती फोनवर कधीच जास्त बोलत नसे. मी स्कूटी काढली, घाट चढून बुलडाण्याला आले आणि तशीच धाडच्या रस्त्याला लागले.

पोचले तेव्हा श्रीरामभाऊ शेडबाहेर दगडावर बसलेले होते. सुनंदा दारात उभी होती. दिलीप जीप रस्त्यावर लावून आला होता. मी गाडी लावायच्या आत श्रीरामभाऊंनी सांगितलं.

"म्या फवारलं. सकायी वारा नव्हता. अर्ध्यावर आलो आन् वारा फिरला, तुतीकडं गेला. मंग थांबलो. पन जायचं तेवढं गेलं होतं."

हे त्यांनी घरीही असंच, लगेच येऊन, दिलीप निघायच्या आत सांगितलं होतं. पंप पाठीवरच होता म्हणे. त्यांनी सांगितलं नसतं तर सुनंदानं संध्याकाळी तोच पाला घातला असता, आणि काय झालं ते सकाळी मेलेल्या अळ्यांवरून कळलं असतं. सकाळचा पाला तिनं उजाडता उजाडता, फवारणीच्या आधीच आणलेला होता. म्हणजे अळ्या अजून धड होत्या आणि हातात संध्याकाळपर्यंतचा वेळ होता.

पाला कुठपर्यंत बिघडला आहे ते डोळ्यांना दिसत नाही. ते अळीलाच विचारावं लागतं. मी बांधाजवळचा थोडा पाला आणला, थोडा मधला आणि थोडा पार पलीकडच्या टोकाचा. सुनंदानं घरातून एक आणि शेजारून दोन सुपं आणली. प्रत्येक सुपात एकेका जागेचा पाला ठेवून त्यावर मूठभर अळ्या सोडल्या आणि आम्ही चौघं सुपांभोवती बसलो.

अळ्या तिन्ही सुपांत सारख्याच खायला लागल्या. तेव्हा एक क्षण वाटलं, की काही झालेलं नाही. मग बांधाजवळच्या पाल्यावरची एक अळी थांबली. तिनं मान वर केली आणि डावीउजवीकडे झोके घ्यायला लागली. तोंडातून हिरवं पाणी आलं. तिच्या बाजूची थांबली, मग तिच्या बाजूची.

"काय होऊन राह्यलं त्याईले?" श्रीरामभाऊंनी विचारलं.

"विष भिनलं," मी म्हटलं.

त्यांनी सूप जवळ ओढलं. जन्मभर त्यांनी कपाशीवरच्या अळ्या मारल्या होत्या, पण फवारून माणूस पुढच्या तासाला जातो. अळी मरताना बघत कोणी बसत नाही. ते बसले. मधल्या सुपातल्या अळ्यांनी थोडा वेळ घेतला, पण त्यांचंही तेच झालं. टोकाच्या पाल्यावरच्या मात्र खात राहिल्या, आम्ही उठलो तरी खात होत्या.

मी हिशेब सांगितला. टोकाकडच्या थोड्या ओळी चांगल्या आहेत. आजची संध्याकाळ निघेल, फार तर उद्याची सकाळ. त्यापुढे या वावरातला पाला वापरायचा नाही, आणि अळ्यांना तर अजून बरेच दिवस जेवायचं होतं.

सुनंदानं डोक्यावरचा पदर सारखा केला. दिलीप तिथंच उभा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती श्रीरामभाऊंकडे वळली आणि म्हणाली, "भाऊ, उद्या दुपारी त्याईले काय घालू?"

त्या घरात लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती, हे मला नंतर दिलीपनं सांगितलं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं, की दोघेही भाऊ एकदम ताठ झाले. श्रीरामभाऊंनी जमिनीकडे बघत उत्तर दिलं, "आनू."

आनू म्हणजे कुठून, हा प्रश्न माझ्याकडे आला. मी फोन करायला लागले. ज्यांच्याकडे तुती होती त्यांच्याकडे अळ्याही होत्या, स्वतःचा पाला देणार कोण? एकटे हनीफभाई तेवढे मोकळे होते. हनीफभाईंचं धाडच्या बाजारात गाद्या-रजया भरायचं दुकान होतं, आणि पलीकडच्या गावात वावर. अळ्यांचं सगळं त्यांच्या बायको जैबुनबी बघायच्या. त्यांची आधीची बॅच विकून झाली होती, शेड धुऊन ठेवली होती आणि नवी चॉकी थोड्याच दिवसांत यायची होती. तुती भरून उभी होती, पण ती त्या चॉकीसाठी.

हनीफभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाला तुमी नेला तं मी काय टाकू, बाई?"

मी म्हटलं, तुमची चॉकी पुढच्या लॉटला ढकलते, तोवर तुती फुटेल.

"पुढच्या लॉटले थंडी सापडन."

ते बरोबर बोलत होते. थंडीत अळी मंद होते, आजारी पडते, शेड ऊबदार ठेवायला रात्रंदिवस राबावं लागतं. मी त्यांना म्हटलं, सापडू शकते. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल.

"जैबुनले इचारतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. आम्ही वाट बघत बसलो. श्रीरामभाऊ उठून बांधापर्यंत गेले आणि परत आले. फोन वाजला. "या म्हनते ते. पन उद्या बाजार हाय, मी दुकानावर राहीन. वावरात जैबुनच भेटन तुमाले."

उद्या बाजार हे दिलीपच्याही डोक्यात होतं. आठवड्यात जीपचा खरा दिवस तोच. बाकीचे दिवस एसटीतून उरलेली माणसं मिळायची, बाजाराच्या दिवशी माणसं जीपला लोंबकळायची. त्यानं मागच्या सीटचे नट सोडवायला घेतले.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा फाट्यावर भाजीच्या पाट्या घेऊन माणसं उभी होती. त्यांनी नेहमीसारखा हात केला. जीप थांबली नाही तेव्हा एक ओळखीचा धावत बाजूला आला. "काऊन बे दिलीप, रिकामी घेऊन चालला?" दिलीप म्हणाला, "किड्याईचा डबा आनायले." एक म्हातारी मात्र पुढच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध उभी होती, वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन. तिच्यासाठी थांबावंच लागलं. ती पुढे माझ्या अंगावर अर्धी बसली. मागं रिकाम्या जागेत श्रीरामभाऊ ओल्या पोत्यांवर बसलेले पाहून तिनं विचारलं, "यायले दवाखान्यात नेऊन राह्यले का?" कोणी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. धाडला उतरताना तिनं श्रीरामभाऊंच्या हातात दोन वांगी दिली.

जैबुनबी वावरात उभ्याच होत्या. त्यांनी स्वतःचा विळा श्रीरामभाऊंना दिला आणि कोणत्या ओळी कापायच्या ते दाखवलं. तंबाखूची पुडी घरीच ठेवून आलेले श्रीरामभाऊ घाईनं, जिथं हात पडेल तिथं कापत सुटले. मी आणि जैबुनबी पेंढ्या बांधत होतो. दिलीप पोत्यांवर रचून वरून ओली पोती घालायचा आणि गाडी दामटायचा. तो यायच्या आत पुढची खेप तयार लागायची. दुपारी जैबुनबींनी भाकरी आणि ठेचा आणला. श्रीरामभाऊंनी उभ्यानंच खाल्लं.

पुढचे दिवस हेच चाललं. बाजार झाल्यावर दिलीपनं सकाळची एक फेरी तरी प्रवाशांची करायचा प्रयत्न केला, पण जीपमध्ये सगळीकडे चीक आणि पाला. एका शिक्षकांचं पांढरं धोतर हिरवं झालं, तेव्हा तो नाद त्यानं सोडला. श्रीरामभाऊंची अर्धी कपाशी फवारायची राहिली होती ती तशीच राहिली. पाला कापायला दुसरं कोणी नव्हतं.

एका संध्याकाळी पेंढी घेऊन ते शेडच्या दारात आले आणि नेहमीप्रमाणे खाली ठेवायला लागले. सुनंदा आतून म्हणाली, "आत घ्या, भाऊ. तोंड, हात धुऊन या पयले. साबन लावून." ते हौदावर गेले आणि बराच वेळ धूत बसले. मग आत आले. अळ्यांच्या शेवटच्या दिवसांत शेडमध्ये एक आवाज येतो. घरात सणाचे पापड तळत असावेत आणि आपण ओसरीवर असावं, तसा लांबून आल्यासारखा चरचराट. तो हजारो तोंडांचा खाण्याचा आवाज असतो. नवीन माणूस थबकतो. श्रीरामभाऊही थबकले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी रॅक पाहिले.

"लई खातात," ते म्हणाले, आणि दुसरी पेंढी आणायला गेले.

अळ्या जाळीवर चढल्या. सगळ्या नाही. मधल्या पट्ट्यातला थोडा पाला पहिल्या संध्याकाळच्या पेंढ्यांत मिसळला होता, त्यानं एका रॅकवरच्या मेल्या. उरलेल्यांचे कोष जरा हलके झाले, पण जालन्याला गेले आणि विकले गेले. श्रीरामभाऊंच्या फवारलेल्या अर्ध्या कपाशीला बोंडं धरली, न फवारलेल्या अर्धीचं फार काही हाती लागलं नाही. जीपचा आठवडा बुडालाच होता. या तिन्हींत कोणाचं जास्त गेलं, ते त्या घरात कोणी बोललं नाही, निदान माझ्यासमोर नाही.

पुढच्या पेरणीला श्रीरामभाऊंनी तुतीच्या बाजूनं रुंद पट्टा सोडला आणि त्यात गुरांच्या चाऱ्याचं कडवळ पेरलं, कारण त्याला फवारावं लागत नाही. चारा एवढा झाला की करायचं काय, म्हणून म्हैस आणली. दूध धाडच्या एका हॉटेलात जायला लागलं. हॉटेलात दूध न्यायचं म्हणून जीपची पहिली फेरी लवकर निघायला लागली. माझ्या वरिष्ठांनी एका भेटीत ते सगळं पाहून, कुटुंबानं किती छान नियोजन केलं आहे असा शेरा दिला. चुकीच्या वेळी फिरलेल्या वाऱ्यामुळे घरात म्हैस आली, हे शेऱ्याच्या जागेत मावलं नसतं.

हनीफभाईंकडे मात्र ते म्हणाले होते तसंच झालं. त्यांच्या पुढं गेलेल्या लॉटला थंडी सापडली. जैबुनबींनी शेडमध्ये शेगड्या ठेवल्या, दारांना रजया टांगल्या. दुकानातल्या नव्या रजया होत्या त्या. तरी अळ्या सुजल्या, पिवळ्या पडल्या, टोपल्या भरभरून खड्ड्यात टाकाव्या लागल्या. मी दोनदा जाऊन आले. करण्यासारखं माझ्या हातात फारसं नव्हतं.

हिवाळा संपता संपता हनीफभाईंचा फोन आला. तुती उपटून टाकतो आहे, ट्रॅक्टर सांगितला आहे. मी गेले. वाटेत दिलीपच्याच जीपमध्ये बसले होते, तेव्हा त्यालाही कळलं.

हनीफभाई वावरात उभे होते. मी सरळ विचारलं, "तेव्हा पाला दिला, म्हणून का?"

"नाही, बाई. ते बॅच गेली ते गेलीच. पाला तं कापला का पुन्हा फुटते." त्यांनी बांधावर बसलेल्या जैबुनबींकडे पाहिलं. "हिचे हात पाहा तुमी."

जैबुनबींनी हात पुढे केले नाहीत, पण मांडीवरचे हात मला दिसले. बोटांची पेरं सुजून वाकडी झाली होती. विळा धरता येत नव्हता. हनीफभाईंना दुकान सोडता येत नव्हतं. मुलगा पुण्याला कामाला होता, तो येणार नव्हता. मजूर लावून हा धंदा परवडत नाही हे मीच त्यांना शिकवलेलं होतं.

मी समजूत घालायला गेले होते, पण घालण्यासारखी समजूत माझ्याकडे नव्हती. ट्रॅक्टर पुढच्या दिवशी यायचा होता. मी परत निघाले.

तो ट्रॅक्टर आला नाही. दिलीपनं घरी सांगितलं होतं आणि श्रीरामभाऊ त्याच संध्याकाळी हनीफभाईंच्या दुकानावर गेले होते. काय बोलणं झालं ते मला दोघांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. श्रीरामभाऊ म्हणाले, तुती राहू द्या. पाला तुमचा, अळ्या आमच्या शेडात सुनंदा वाढवन, कोष निम्मे-निम्मे. हनीफभाईंनी विचारलं, तोडन कोन? श्रीरामभाऊ म्हणाले, मी. हनीफभाईंनी पुन्हा तेच सांगितलं, जैबुनले इचारतो. आणि जैबुनबींनी म्हणे एवढंच विचारलं, की तो माणूस रोज येईन का, का दोन दिवस येईन?

पावसाळ्यानंतरच्या पहिल्या बॅचला मी मुद्दाम गेले. निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते, जाण्याचं तसं काही काम नव्हतं. सकाळची वेळ. हनीफभाईंची तुती कमरेच्या वर वाढलेली. दिलीपची जीप बांधाला लागलेली, तो आत डुलकी घेत होता. हनीफभाई दुकान उघडायच्या आधी पेंढ्या बांधून देत होते. श्रीरामभाऊ ओळीत उभे राहून, कमरेतून जरासे वाकून, फांद्या अर्ध्यावरून कापत होते. घाईत नव्हते, पण हात जुन्या सवयीनं चालला होता.

जैबुनबी बांधावर बसून बघत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "भाऊ, वरून नका कापू. बुडाशी कापा. वरून कापली तं फुटवा वाकडातिकडा येते, मंग पुढच्या खेपेले पाला नाही भेटत."

शेतीतलं श्रीरामभाऊंना कोणी काही सांगितलेलं आणि त्यांनी ऐकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते थांबले. कापलेल्या खुंटाकडे पाहिलं, मग जैबुनबींकडे.

"इथं?" त्यांनी विळा थोडा खाली नेला.

"आनखी खाली."

ते उकिडवे बसले. विळा मातीला टेकेल इतका खाली नेऊन त्यांनी पहिली फांदी कापली, आणि वर न बघता पुढच्या झुडपाकडे सरकले.